चाळीस विसा कडबा

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हातारीनं कडब्याची गंज मोडून मोजायला घेतली. माण तालुक्यातलं गाव, म्हसवडच्या पुढं. २०१८ सालचा पाऊस तिथं नावापुरता झाला होता. या भागाची भिस्त परतीच्या पावसावर, तोही फिरकला नव्हता. सरकारनं ३१ ऑक्टोबरला राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात माण होता. गावाला मात्र तो त्याच्या आधीच माळावर दिसला होता. कुसळी गवत गुडघ्याला लागायच्या दिवसांत माळ तांबडा, उघडा पडलेला. ज्यांनी ओल नसताना ज्वारी पेरली त्यांचे पोंगे वीतभर येऊन करपले.

नातू दात घासत बाहेर आला आणि बघतच राहिला.

"आज्जे, बरी रचलेली गंज मोडलीस कशापायी?"

"किती हाय ते कळाया नको?"

"एवढी मोठी दिसतीया की!"

"दिसतीया तवरच मोजायची, लेकरा. दिसंना झाल्यावं काय मोजणार?"

वीस पेंड्या झाल्या की ती एक खडा बाजूला ठेवी. शाळा तिनं पाहिली नव्हती, तिचा सगळा हिशेब विसांत. ऊन चढेपर्यंत चाळीस खडे झाले. चाळीस विसा, म्हणजे आठशे पेंड्या. गेल्या सालच्या माघातल्या, शाळूच्या, चांगल्या पिवळ्याधमक. यंदा शाळू पेरलाच नव्हता, म्हणजे नवा कडबा येणार नव्हता. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, मोजायला एकटी म्हातारी बसली.

घर मेंढपाळ धनगराचं. मेंढरं घेऊन म्हातारीचा लेक, सून आणि बाकीचा वाडा पश्चिमेला पाण्याच्या मुलखात गेला होता. दोन घोडी त्यांच्याबरोबर गेली. धनगराचं सगळं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर चालतं: भांडी, घोंगडी, मेंढरांभोवती लावायची जाळीची वाघर, डालग्यातल्या कोंबड्या, रात्री जन्मलेली कोकरं, वेळ आली तर तान्हं पोरसुद्धा. भीमथडी म्हणतात त्याच जातीची ही बुटकी, काटक घोडी. मराठ्यांच्या फौजा ज्यांच्या पाठीवर फिरल्या त्यांचा वंश आज बराचसा या मेंढपाळांनी सांभाळला आहे आणि त्याबद्दल त्यांना कोणी फारसं विचारत नाही. तिसरी घोडी हरणी गाभण होती. घोडीचे दिवस अकरा महिन्यांचे. ती आषाढात विणार होती. तेवढी वाट तिला चालवायला नको म्हणून ती मागं राहिली. तिच्यासाठी म्हातारी राहिली आणि दोघींसाठी नातू. तो म्हसवडला मोबाईलच्या दुकानात कामाला जायचा.

"रोज किती टाकतुयास तिला?" म्हातारीनं विचारलं.

"सा पेंड्या."

"आन् खाती किती?"

याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं. म्हातारी त्याला गोठ्यात घेऊन गेली. हरणीच्या पायाखाली कडब्याचा थर झाला होता, लिदीनं आणि मुतानं भिजलेला. वरची पानं खाऊन बुडखे तिनं तुडवले होते. म्हातारीनं तो सगळा गोळा करून बाहेर काढला. निम्म्याला निम्मा होता.

"आजपास्नं तीन."

नातवानं मोबाईलवर भागाकार केला. सहानं गंज शिमग्यापर्यंत जात होती, तिनानं श्रावणापर्यंत. आकडा समोर होता, तरी त्याला ते पटलं नाही. लहानपणी तो याच घोडीच्या पाठीवर, दोन घोंगड्यांच्या मध्ये झोपून कोकणात उतरला होता. गंज दारात उभी असताना तिच्यापुढची वैरण निम्मी करायची, तीही ती पोटुशी असताना, हे त्याला पाप वाटलं. त्यानं तसं बोलूनही दाखवलं. म्हातारी म्हणाली, "पोटुशी हाय म्हणूनच." पुढं बोलली नाही.

इथं घोड्याच्या पोटाविषयी सांगितलं पाहिजे, कारण बैलाच्या हिशेबानं घोडं सांभाळायला गेलेली माणसं दुष्काळात हमखास फसतात. बैल भराभर गिळतो आणि मग सावलीत बसून तास न् तास रवंथ करतो. घोडा रवंथ करत नाही. त्याचं जठर अंगाच्या मानानं अगदी लहान, सात-आठ लिटरपासून पंधरा लिटरांपर्यंत. त्यात आम्ल मात्र दिवसरात्र झिरपत असतं, पोटात काही असो वा नसो. म्हणून मोकळं घोडं चोवीस तासांतले पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरत राहतं. चाऱ्यातला चोथा पचवायचं काम पुढं मोठ्या आतड्यात, तिथल्या सूक्ष्म जिवांच्या हातून होतं. त्या जिवांना रोजचं अन्न बदललेलं सोसत नाही. बदल करायचाच तर आठ-दहा दिवस घेऊन करावा लागतो. शिवाय घोड्याला ओकता येत नाही. पोटात चुकीचं काही गेलं की ते पुढंच जातं.

रोजचा कोरडा चारा वजनाच्या शंभरात दोन भाग लागतो, अगदी ओढून ताणून दीड. हरणी अडीचशे किलोच्या आतबाहेर असेल. म्हणजे पाच किलो. दीड-दोन किलोच्या तीन पेंड्या, एक काडी वाया न घालवता. म्हातारीला शेकडेवारी येत नव्हती, पण तिचा आकडा बरोबर होता.

वाया न घालवणं हेच खरं काम होतं. ती कोयत्यानं पेंडी बोटा-दोन बोटांएवढी तोडायची, म्हणजे बुडखेही खाल्ले जात. फाटकी वाघर दुहेरी करून तिनं तिची झोळी शिवली आणि खांबाला हरणीच्या छातीच्या उंचीवर टांगली. कुट्टी त्या जाळीत भरायची. घोडीला ती ओठांनी ओढून ओढून खावी लागे, म्हणून एका पेंडीला चार-पाच तास लागत. खाली सांडलेलं पडायला पोतं अंथरलेलं. कुट्टीत हुलग्याचं आणि तुरीचं भुसकट मिसळायचं. सकाळ-संध्याकाळ एक-एक ओंजळ शिजवलेला हुलगा तोबऱ्यातून. जवळ मिठाचा खडा. दिवसात तीन वेळा वैरण आणि रात्री निजायच्या आधी चौथी, ती सगळ्यांत मोठी. "रात लई लांब असती," एवढंच कारण ती सांगे.

हरणीला ती रोज माळावर फिरवून आणायची, पण तोंडाला मुसकं बांधून. नातवाला हाही जुलूम वाटे. माळावर उरलंय काय, चार काड्या, त्याही खाऊ देत नाही! पण उघड्या माळावर भुकेलं घोडं काडीमागं माती चाटतं, मुळासकट उपटून खातं. ती माती आणि वाळू पोटात तळाला बसते आणि मग पोटशूळ उठतो. शिवाय दुष्काळात हिरवं राहतं ते बहुधा न खाण्याजोगं, घाणेरी नाहीतर कण्हेर. शेजारच्या शेतातले करपलेले ज्वारीचे पोंगे फुकट मिळत होते, तेही म्हातारीनं आणू दिले नाहीत. पाण्याविना खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष असतं, हे तिच्या पिढीच्या कोणाला सांगावं लागत नाही.

दोन घरं सोडून बँडवाले मामा राहायचे. त्यांचा वरातीचा घोडा पांढराशुभ्र, उंच, म्हसवडपासून आटपाडीपर्यंतच्या नवरदेवांना पाठीवर मिरवलेला. घरची सगळी कमाई त्याच्यावर. मामांचा जीव मोठा आणि हातही मोठा. घोड्यापुढं त्यांनी कडब्याच्या पेंड्या न सोडता टाकायच्या, वर मूठ-मूठ गहू. "लक्ष्मी हाय ती. तिच्यापुढं मोजमाप कसलं?" असं ते म्हणायचे. नातवाला मामांचं घर बरं वाटायचं. तिथं जनावर जनावरासारखं सांभाळलं जातंय, असं तो मित्रांना सांगे.

पौषात त्याचा धीर सुटला. हरणीची पाठ थोडी उतरली होती. गंज तर अजून निम्म्याहून जास्त उभी. त्यानं देवळाच्या पारावर सगळ्यांदेखत आजीला नावं ठेवली. तिथं निवृत्त गुरुजी बसले होते. ते म्हणाले, "आठवीत असताना तालुक्याला भाषणात पहिला आला होतास. विषय काय होता?"

विषय होता शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना गेलेलं पत्र. १६७० च्या दशकातलं हे पत्र महाराष्ट्रात शाळाशाळांतून सांगितलं जातं, ते रयतेला काडीचाही त्रास न देण्याच्या शिकवणीसाठी. ते खरंच आहे. पण पत्राची सुरुवात होते घोड्यांच्या दाण्या-गवतापासून. पावसाळा तोंडावर आलेला, पागेची छावणी पडलेली. महाराज बजावतात की साठवलेला दाणा आणि गवत सबंध पावसाळा पुरवायचं आहे. आहे तोवर वाटेल तसं चारलंत तर पुढं भर पावसात कुठून काही मिळायचं नाही. घोडी उपाशी पडतील, मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुमची माणसं कुणब्यांच्या घरांतून दाणा, गवत, लाकूड उचलायला लागतील. रयतेवरच्या जुलमाची सुरुवात या पत्रात लोभापासून होत नाही, आधी गवताच्या गंजीपाशी हात सैल सुटण्यापासून होते. मला हा त्यातला सगळ्यांत खोल भाग वाटतो. पुढं गंजी जळू नयेत म्हणून दिव्याची वात उंदीर पळवून नेईल इथपर्यंतची काळजी त्यात आहे. राज्य उभं करणारा माणूस गवताच्या काडीचा हिशेब ठेवत होता.

नातवाला पत्र तोंडपाठ होतं. भाषणाचा पेला घरात फळीवर होता. तो गुरुजींना काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानाला जायच्या आधी कोयता घेऊन पेंडी तोडायला बसला. म्हातारीनं त्याला हरणीच्या बरगडीवर हात ठेवायला लावला. "फासळी हाताला लागली पायजे, डोळ्याला दिसता कामा न्हाय. दिसली तर मला सांग, मी वाढवीन." तेव्हापासून रोज सकाळी तो हात फिरवून बघू लागला. माघात फासळी अंधुक दिसायला लागली, तेव्हा तिनं हुलगा वाढवला, पण आठवड्याला एकेक मुठीनं.

मामांची गंज शिमग्याच्या आधीच संपली. कडब्याचा शेकडा तोपर्यंत मामांच्या आवाक्याबाहेर गेला होता, आणि दुष्काळात गावची लग्नं लांबणीवर पडल्यानं वराती नव्हत्या. तालुक्यात जनावरांच्या छावण्या उघडल्या. जवळच्या छावणीत गाई, बैल, म्हशी घेत होते; घोड्यासाठी दावण नव्हती. मामा म्हातारीकडं आले. शंभर पेंड्या उसन्या मागितल्या.

"शंभर न्हाय, दादा. रोज दोन देते. तू सकाळी यायचं आन् हितं बसून तोडून न्यायच्या."

मामांना ते लागलं. तरी आले. आठवडाभर आले, रोज मान खाली घालून दोन पेंड्या तोडून नेल्या. नवव्या दिवशी आले नाहीत. भिक्षेकऱ्यासारखं वाटतं, असं त्यांनी कोणाजवळ तरी म्हटलं. म्हातारीनं नातवाकरवी पेंड्या पाठवल्या, त्या परत आल्या. म्हातारीचंही इथं चुकलं असेल. गरजवंताला रोज दारात बोलावण्यात त्याचा मान जातो, हे तिच्या ध्यानात आलं नाही. पण शंभर पेंड्या एकदम दिल्या असत्या तर त्या पंधरा दिवसांत पायदळी गेल्या असत्या, हेही तितकंच खरं. घोडा गावातल्या उकिरड्यावर तोंड घालू लागला. त्याच्या माकडहाडाचे उंचवटे दिसू लागले.

वैशाखात एका संध्याकाळी गावात ट्रक आला. शहरातल्या चांगल्या माणसांनी वर्गणी काढून पाठवलेला. अर्धा ट्रक ऊस, पशुखाद्याची पोती, गव्हाचा भरडा, आणि पिशव्या भरून चपात्या. पोरं ट्रकमागं धावली. देणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, घेणाऱ्यांच्याही. मामांच्या घोड्याची अवस्था बघून एका बाईंना राहवलं नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं भरड्याचं घमेलं त्याच्यापुढं ठेवलं. ते त्यानं बघता बघता संपवलं. दुसरं ठेवलं. वर चपात्या, उसाची कांडं. मामा उभ्या उभ्या रडत होते. कितीतरी दिवसांनी त्यांचं जनावर पोटभर खात होतं.

नातूही भरड्याचं पोतं खांद्यावर घेऊन घरी आला आणि त्यानं हरणीचा तोबरा काठोकाठ भरला. म्हातारीनं तो तिच्या तोंडाला लावू दिला नाही. एक ओंजळ काढून बाकीचा पोत्यात ओतला. "उद्या दीड. ह्ये धा दिसांत खायाचं हाय." नातवाला पहिल्यांदाच तिचा राग आला नाही, थकवा मात्र आला.

रात्री दोनच्या सुमारास मामांच्या घरून हाक आली. घोडा घामानं निथळत होता, कुशीकडं वळून वळून बघत होता, आडवा पडून लोळत होता. म्हातारी काठी टेकत गेली. तिनं त्याला उठवलं, कोणी दोर धरला, कोणी मागून हाकललं, आणि उजाडेपर्यंत गल्लीतून त्याला चालवत ठेवलं. पहाटे डॉक्टर आले. नाकातून पोटात नळी घातली, औषध सोडलं, वेदना कमी करणारी सुई दिली. दुपारपर्यंत पोट निवळलं. लोकांना वाटलं, सुटलो.

डॉक्टर मात्र घोड्याच्या खुरांना हात लावून बघत होते. त्यांनी मामांना जे सांगितलं ते नातवानं नीट ऐकून ठेवलं. एकदम भरपूर दाणा आला की त्यातला स्टार्च जठरात आणि लहान आतड्यात पचून होत नाही, तसाच मोठ्या आतड्यात उतरतो. तिथं आंबतो. आम्ल वाढतं, चोथा पचवणारे जीव मरतात, त्यांचं विष रक्तात मिसळतं. आणि त्याचा मार बसतो खुरांना. खुराच्या आत हाडाला धरून ठेवणारा नाजूक थर असतो, तो सुजतो आणि सुटायला लागतो. अर्धपोटी घोड्याचं हे लवकर होतं, कारण त्याच्या आतड्याची सवय गेलेली असते आणि ते अधाशीपणानं गिळतं. "आता तीन दिवस खुरं गार पाण्यात ठेवायची. बर्फ मिळाला तर बर्फ. सारखं." पशुखाद्याच्या पोत्यांकडंही त्यांनी बोट दाखवलं. गाईगुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं; ते गुरांना चालतं, घोड्याच्या मात्र थोड्या प्रमाणातही जिवावर उठतं. ती पोती घोड्याच्या वाऱ्याला ठेवू नका, असं ते म्हणाले.

टँकर चार दिवसांनी येणाऱ्या गावात घोड्याचे चार पाय तीन दिवस पाण्यात ठेवायचे होते.

ते गावानं केलं, ही या गोष्टीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब. मामांच्या दारात खड्डा खणून प्लॅस्टिकचा कागद अंथरला. ज्या बायकांनी पिंपभर पाणी आठवडा पुरवलं होतं त्यांनी त्यातून एकेक कळशी आणून ओतली. नातू म्हसवडहून रसाच्या गुऱ्हाळावरून बर्फाच्या लाद्या पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर आणत राहिला. दिवसातून दोन-दोन फेऱ्या. म्हातारीनं मामांच्या दारातच मुक्काम टाकला. ती रोजच्या दोन पेंड्या आता स्वतः घेऊन यायची, पाण्यात भिजवून घोड्यापुढं धरायची. या वेळी मामांना दारात यावं लागलं नाही.

पण पाच पेंड्यांनी गंज श्रावणापर्यंत जाणार नव्हती. नातवानं पुन्हा मोबाईल काढला. कडबा जून संपायच्या आतच संपत होता. त्यावर जी तोड निघाली ती त्याची. ट्रकमधून घराच्या वाट्याला ऊस आला होता. ऊस आणि वाढे गाई-म्हशींना चालतात, दुष्काळात त्यावर त्या तगतात. पण घोड्याला गोड ऊस पोटभर घालायचा नसतो आणि नुसत्या वाढ्यांवर ठेवलं तर अंगातलं कॅल्शियम घटतं. गल्लीत दोन घरं अशी होती, ज्यांच्या म्हशी होत्या आणि थोडा कडबा होता. तो त्यांच्याकडं गेला, ऊस आणि पशुखाद्याची पोती दिली आणि बदल्यात कडबा आणला. मामांच्या वाट्याचाही ऊस त्यानं असाच फिरवला. दोन्ही घरांत म्हशींनी खाल्लं, दोन्ही गोठ्यांत घोड्यांनी खाल्लं. ट्रकमधलं काहीच वाया गेलं नाही.

मान्सून केरळात पोचायलाच ८ जून उजाडला, आठवडाभर उशिरानं. माणात पहिली चांगली सर यायला त्यानंतरही वाट पाहावी लागली. आषाढात एका पहाटे हरणी व्याली. शिंगरू नर, तांबूस, कपाळावर टिळा. तासाभरात ते पायावर उभं राहिलं आणि आईच्या पोटाखाली शिरलं. दूध होतं.

माळ हिरवा झाल्यावर नातवानं आनंदानं हरणीचं दावं सोडलं. म्हातारी मुसकं घेऊन आली. तो हसला नाही, चिडला नाही. त्यानंच ते बांधलं. पहिल्या दिवशी अर्धा तास मोकळी, मग मुसकं आणि कडब्याची झोळी. दुसऱ्या दिवशी पाऊण तास. आठ-नऊ महिने वाळलेलं खाल्लेल्या आतड्याला कोवळं गवतसुद्धा हळूहळूच द्यावं लागतं. गंजीत तेव्हा अजून दोन विसा पेंड्या उरल्या होत्या. त्यातली एक विसा मामांकडं गेली.

मामांचा घोडा वाचला. त्याच्या पुढच्या दोन्ही खुरांचा आकार बिघडला आहे, खडीच्या रस्त्यावर तो पाय उचलून उचलून टाकतो. वरातीला तो पुन्हा उभा राहिला नाही. मामा आता त्याला मोजून वैरण घालतात आणि कोणी विचारलं तर ते का, हे सांगतात.

ट्रक पाठवणाऱ्या त्या बाईंना हे बहुधा कधी कळलं नसेल. त्यांच्या करुणेला मी बोल लावत नाही. तशी माणसं नसती तर गावाची निम्मी गुरं गेली असती. तुम्हीही त्यांच्यासारखे असाल, दुष्काळाची बातमी वाचून तुमचाही हात खिशाकडं जात असेल. तर चारा माघात पाठवा, वैशाखाची वाट पाहू नका. तेव्हा तो स्वस्तही असतो आणि जनावरांच्या अंगात तो पचवायची ताकदही असते. वाळलेला कडबा पाठवा. गाडी भरायच्या आधी गावात फोन करून विचारा, गाई किती, म्हशी किती, मेंढरं किती, आणि घोडी आहेत का. असली, तर त्यांच्यासाठीचा कडबा वेगळा बांधून पाठवा आणि दाण्याचं पोतं जनावरापुढं न ठेवता मालकाच्या हातात द्या.